पोटातलं पाणी न हलवणारी गाडी: डिझेल लक्झरी सेडानमधून लांबचा हायवे प्रवास

अशा गाडीतून पहिल्यांदा लांब पल्ल्याला निघालो तेव्हा अर्ध्या तासाने सहज काट्याकडे लक्ष गेलं आणि चपापलोच. अंगाला जाणवत होता नव्वदचा वेग, काटा होता एकशे तीसच्या पुढे. मी काही वेगाचा शौकीन नाही. पाय हळूहळू जड होत गेला आणि गाडीने त्याची मला खबरच दिली नाही.

यात नवल नाही. दुहेरी काचा, लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), हवेला फार न अडणारा आकार (चांगल्या सेडानचा ड्रॅग कोएफिशंट ०.२२ ते ०.२५ च्या घरात असतो) आणि ताशी १२० किमीलाही १५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास निवांत फिरणारं इंजिन. जुन्या गाडीत वेग कानाला, हाताला, पाठीला कळायचा. इथे तो फक्त काट्यावर असतो. त्यात टाकी ६० लिटरच्या वरची आणि हायवेवर लिटरला १७-१८ किमी सहज मिळतात, म्हणजे एका टाकीत हजार किलोमीटर. पूर्वी गाडीला तहान लागली की आपणही उतरून पाय मोकळे करायचो. आता गाडी थांबायला सांगतच नाही. वेग आणि थकवा या दोन गोष्टी ही गाडी तुमच्यापासून लपवते. त्या शोधून काढायचं काम चालकाचं.

दोन दिवस आधी: टायर, तेल आणि निळं झाकण

सुरुवात टायरपासून. हवा गार टायरमध्येच तपासायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चालवून. चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर असतो. त्यावर दोन आकडे दिसतील, एक दोन माणसांसाठी, दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. चार माणसं आणि भरलेली डिकी असेल तर दुसरा आकडा पाळा. बहुतेक लोक वर्षभर पहिल्याच आकड्यावर चालवतात आणि लांबच्या प्रवासालाही तसेच निघतात. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकला की तापतो, आणि तासन् तास वेगात तापलेला टायर फुटतो. हायवेवर टायर फुटण्यामागचं एक मोठं कारण हेच. उलट, वाटेत थांबल्यावर गरम टायरमध्ये हवा जास्त दाखवली म्हणून ती काढू नका. ती वाढणारच, आणि स्टिकरवरचा आकडा ते गृहीत धरूनच दिलेला असतो.

टायरच्या कडेवर चार आकडी कोड असतो. ३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. या गाड्या कमी चालवल्या जातात, त्यामुळे नक्षी शाबूत पण रबर म्हातारं, असं बऱ्याचदा आढळतं. टायरच्या कडेला बारीक भेगा दिसत असतील तर नक्षीकडे बघून समाधान मानू नका. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की बहुतेक ठिकाणी टायर बाद धरतात. पावसात जायचं असेल तर मी ३ मिलिमीटरलाच बदलतो.

आता डिकीतलं आवरण उचलून बघा. तिथे स्टेपनी आहे का? कित्येक लक्झरी सेडानमध्ये नसते. तिच्याऐवजी पंक्चरचा फेस भरलेली बाटली आणि छोटा पंप असतो, नाहीतर टायर रन-फ्लॅट असतात. रन-फ्लॅट हवा गेल्यावरही चालतात, पण साधारण ८० किमी अंतर आणि तेही ताशी ८० च्या आत. पुढचं मोठं गाव त्याहून लांब असेल तर उपयोग नाही, हे आधीच ठाऊक हवं. अलॉय चाकांना चोरीविरोधी नट असेल तर त्याची खास चावी गाडीत आहे ना, हेही पाहून ठेवा. ती गॅरेजमध्येच विसरून राहिल्याचं रस्त्याच्या कडेला कळण्यात मजा नाही. मला ते तसंच कळलं होतं.

ऑइल. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये डिपस्टिकच नसते. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन गरम असताना, स्क्रीनवरच्या मेनूतून पातळी बघावी लागते. डिझेलमध्ये ऑइल कमी आहे का एवढंच बघून भागत नाही, जास्त तर झालं नाही ना, हेही बघा. कारण पुढे काजळीच्या भागात येईल. वाटेत भरायची वेळ आली तर पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचंच हवं. या इंजिनांना कमी राख होणारं ऑइल लागतं, दुसरं कुठलंही ओतलं तर त्याची राख एक्झॉस्टच्या फिल्टरमध्ये कायमची बसते. म्हणून एक लिटरचा डबा डिकीत ठेवावा.

मग ॲडब्लू, निळ्या झाकणाखाली भरायचं, धूर स्वच्छ करणारं द्रव. हे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. एक्झॉस्टमध्ये फवारलं की त्यातून अमोनिया तयार होतो आणि नायट्रोजन ऑक्साइडचं रूपांतर नायट्रोजन आणि पाण्याच्या वाफेत होतं. सेडानला हजार किलोमीटरला साधारण एक ते दोन लिटर पुरतं. ते संपत आल्याची सूचना खूप आधीपासून मिळते आणि म्हणूनच लोक तिला भीक घालत नाहीत. पण पूर्ण संपलं तर चालू इंजिन बंद पडत नाही, एकदा बंद केलेलं मात्र पुन्हा सुरू होत नाही. थांब्यावर गाडी बंद करून परत आल्यावर हे कळतं. निघण्याआधी भरून घ्या. सांडलं तर पाण्याने धुवा, नाहीतर पांढरे डाग पडतात.

वायपरची रबरं, वॉशरचं पाणी, पुढच्या काचेवरचा कॅमेरा आणि समोरच्या जाळीमागचा रडार स्वच्छ आहे ना, ही दहा मिनिटांची कामं.

बसण्याची जागा

इलेक्ट्रिक सीटला चौदा-सोळा दिशा असतात आणि बहुतेक जण त्यातल्या दोनच वापरतात. घाईत नाही, उभ्या गाडीत करा, आणि याच क्रमाने:

१. पाठ आणि कंबर सीटला पूर्ण टेकवून ब्रेक शेवटपर्यंत दाबा. तरीही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे.

२. सीटची उंची वाढवत न्या, बॉनेटची कड दिसेपर्यंत. सेडानमध्ये खाली बसायची हौस असते, पण खाली बसून समोरचा रस्ता कमी दिसतो.

३. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंगमध्ये निदान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, एअरबॅगला उघडायला तेवढी जागा लागते.

४. डोक्यामागचा टेकू डोक्याच्या वरच्या कडेइतका उंच. मानेमागे असेल तर मागून धक्का बसल्यावर तो मानेचाच घात करतो.

५. सगळं जमलं की मेमरीचं बटण दाबून ठेवा.

कंबरेचा आधार मात्र कायमचा ठरवू नका. दर तासाला किंचित बदला. मसाज असेल तर तो बसून राहण्याचा वेळ वाढवायला वापरू नका. स्नायू सुखावतात, पण पायांत साकळलेलं रक्त चालल्याशिवाय हलत नाही.

पहिली पंधरा मिनिटं

डिझेल इंजिन सावकाश तापतं. स्क्रीनवर पाण्याचं तापमान ९० दाखवलं तरी ऑइल अजून मागेच असतं, ते गरम व्हायला दहा-पंधरा मिनिटांचं चालणं लागतं. तोवर पाय हलका ठेवा. उभ्या गाडीत इंजिन तापवत बसण्यात अर्थ नाही, त्यात ते आणखी सावकाश तापतं आणि काजळी जास्त होते.

वेग ठरवून घ्या

हायवेला लागल्यावर एक वेग मनाशी ठरवा, रस्त्याच्या मर्यादेत आणि स्वतःच्या मर्यादेत. थोडं गणित केलेलं बरं. ५०० किमी अंतर ताशी १०० ने पाच तासांत होतं, १२० ने चार तास दहा मिनिटांत. वाचली पन्नास मिनिटं, तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. हवेचा अडथळा मात्र ४४ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो.

ब्रेकचं गणित त्याहून कडू आहे. कोरड्या रस्त्यावर चांगली सेडान ताशी १०० वरून सुमारे ४० मीटरमध्ये थांबते. १४० वरून त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतर लागतं. आता अशी कल्पना करा की दोन सारख्या गाड्या शेजारी शेजारी आहेत, एक १०० ने, दुसरी १४० ने, आणि दोघांनी एकाच जागी ब्रेक दाबला. पहिली जिथे थांबते तिथे दुसरी अजून ताशी सुमारे ९८ च्या वेगात असते. हा आकडा पहिल्यांदा मांडला तेव्हा मी दोनदा तपासला. १४० चा वर्ग १९६००, १०० चा १००००, वजाबाकी ९६००, त्याचं वर्गमूळ ९८. यात ब्रेकवर पाय पोचायला लागणारा वेळ धरलेलाच नाही.

वेग अंगाला कळत नसल्यामुळे यंत्राची मदत घ्या. समोरच्या काचेवर वेग दाखवणारा हेड-अप डिस्प्ले असेल तर चालू ठेवा. नसेल तर ठरवलेल्या वेगापुढे गाडी जाऊ न देणारा स्पीड लिमिटर लावा. पाय न लावता वेग कायम ठेवणाऱ्या क्रूझ कंट्रोलपेक्षा मला तो जास्त आवडतो, कारण पाय कामात राहतो आणि मर्यादाही ओलांडली जात नाही.

ओव्हरटेक

या इंजिनांची खरी ताकद खाली असते. दोन लिटरचं डिझेल ४०० न्यूटन-मीटरच्या आसपासचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारण १६०० ते २५०० आरपीएमच्या पट्ट्यात देतं. ४००० च्या पुढे आवाजाशिवाय हाती काही लागत नाही. पेट्रोल गाडीवरून आलेले लोक गिअर ओढत राहतात आणि गाडीत दम नाही म्हणतात.

पण एक खाच आहे. सर्वांत वरच्या गिअरमध्ये इंजिन या पट्ट्याच्या जरा खालीच फिरत असतं. अचानक पाय दाबलात तर गिअरबॉक्स दोन-तीन गिअर खाली येणार, इंजिनात हवा कोंबणारा टर्बो दाब भरणार, मग गाडी झेपावणार. यात जाणारा सेकंदभर ओव्हरटेकला निघाल्यावर फार लांब वाटतो. म्हणून आधी स्टिअरिंगमागच्या पॅडलने किंवा स्पोर्ट मोडने गिअर खाली आणा, आरपीएम दोन हजारांवर येऊ द्या, आरसा, इंडिकेटर, आणि मग बाहेर पडा. ट्रकच्या अगदी मागे चिकटून वाट बघू नका. मागे राहिलात तर पुढचं दिसतं आणि वेगही बाहेर पडायच्या आधीच घेता येतो.

क्रूझ कंट्रोल कुठे चुकतो

रडारवर चालणारा, पुढच्या गाडीशी अंतर राखणारा अडॅप्टिव्ह क्रूझ थकवा खरोखर कमी करतो. अंतर मात्र तीन सेकंदांचं ठेवा. ताशी १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, म्हणजे शंभर मीटर. एवढं अंतर ठेवलं की मध्ये कोणीतरी घुसतोच, हे मान्य. घुसू द्या.

याच्या चुका ठरलेल्या आहेत. वेगात असताना रस्त्यात थांबलेलं वाहन त्याला उशिरा कळतं किंवा कळतच नाही. पुढची गाडी अचानक बाजूला झाली आणि तिच्या पुढे बंद पडलेला ट्रक असला तर ब्रेक तुम्हालाच मारायचा आहे. वळणावर पुढची गाडी रडारच्या टप्प्यातून निसटते आणि तुमची गाडी रस्ता मोकळा समजून वेग घेते. लेनच्या कडेने जाणारी दुचाकीही कधी कधी सुटते. म्हणून पाय ब्रेकजवळ, हात स्टिअरिंगवर. जोरदार पावसात तो बंदच करा.

काजळी जाळण्याचा कार्यक्रम

डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर २००० साली प्यूजो ६०७ मधून बाजारातल्या प्रवासी गाड्यांत आला. आता तो सगळीकडे आहे. अडवलेली काजळी कधीतरी जाळावी लागते. त्यासाठी इंजिन नेहमीच्या स्फोटानंतर थोडं जास्तीचं डिझेल फवारतं, त्याने एक्झॉस्ट ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि काजळी जळून जाते. हे रीजनरेशन दहा-वीस मिनिटं चालतं. गाडी उभी असतानाचा आरपीएम किंचित वाढलेला, थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारं स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, तात्कालिक मायलेज पडलेलं, गाडी बंद केल्यावरही पंखा घरघरतोय, जरा जळका वास. ही त्याची लक्षणं, बिघाडाची नव्हेत.

शहरातल्या छोट्या फेऱ्यांमध्ये हे मध्येच तुटतं. मग न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि पातळी वाढते. मघाशी जास्तीचं ऑइल बघायला सांगितलं ते यासाठी. पातळी कमाल खुणेच्या वर असेल तर लांबच्या प्रवासाआधी ऑइल बदला.

शहरात कोंडलेल्या डिझेलला हायवे म्हणजे औषध. वाटेत फिल्टरचा पिवळा दिवा लागला तर थांबू नका. एक गिअर खाली घेऊन दोन हजारांच्या आसपास आरपीएम ठेवत पंधरा-वीस मिनिटं सलग चालवा, बहुतेक वेळा दिवा विझतो. विझला नाही किंवा गाडीची ताकद गेली तर गॅरेज गाठा. रीजनरेशन चालू असताना थांबावंच लागलं तर सुक्या गवतावर गाडी उभी करू नका, खालचा पाइप आग लावण्याइतका तापलेला असतो.

झोप

हायवेवर घात करते ती झोप, आणि या गाडीत ती लवकर येते. शांतता, एकसारखा वेग, गार हवा. त्यात एक छुपं कारण: आतलीच हवा फिरवणारं रीसर्क्युलेशनचं बटण. या गाड्या इतक्या हवाबंद असतात की चार माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड भराभर साठतो आणि डोकं जड होतं. धूर किंवा धुळीपुरतं ते वापरा, मग बाहेरची हवा घ्या. माझ्या पाहण्यात मागच्या सीटवरची मंडळी "गाडीत फार झोप येते" म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा हे बटण चालू असतं.

दोन तासांनी थांबायचंच, काही वाटत नसलं तरी. थांबा आधीच नेव्हिगेशनमध्ये टाकून ठेवा, म्हणजे तेव्हा वाद घालायला जागा उरत नाही. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार शरीर आपोआप मंदावतं. सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. दिवसभर ऑफिस करून रात्री निघणारा माणूस मध्यरात्रीपर्यंत तिथे पोचलेला असतो.

चार सेकंदांची डुलकी ताशी १२० ला १३३ मीटर होते. मागचे काही किलोमीटर आठवत नाहीत, लेनच्या रेषेची थरथर दोनदा लागली, स्क्रीनवर थकव्याची सूचना देणारं कपाचं चित्र आलं, यातलं काहीही झालं तर काच उघडणं आणि गाणी मोठी लावणं पुरत नाही. सुरक्षित जागी थांबा, कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं झोपा. कॉफीचा अंमल चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणजे जागे व्हाल तेव्हा दोन्हीचा फायदा एकदम मिळतो. चाळीस मिनिटं झोपलात तर उठल्यावर सुस्तीच जास्त.

पंपावर

उतरा आणि नळी स्वतः बघा. पेट्रोलची नळी बारीक असल्यामुळे डिझेलच्या तोंडात आरामात जाते. इंजेक्टरना एकाच नळीतून जोरदार दाबाने डिझेल पुरवणारी कॉमन-रेल यंत्रणा १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मधून प्रवासी गाड्यांत आली तेव्हा दाब १३५० बार होता, आता तो २००० च्या वर असतो. हा दाब निर्माण करणाऱ्या पंपाचं वंगण म्हणजे डिझेलच. पेट्रोल गेलं की धातूवर धातू घासतो आणि त्याचा कीस सगळ्या इंजेक्टरपर्यंत पोचतो. चूक लक्षात आली तर स्टार्टचं बटण दाबू नका, इग्निशनही नको. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. ॲडब्लू चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तरी हेच.

टाकी पाव राहिली की भरा. तळाशी पाणी साचलेल्या अनोळखी पंपावर नाइलाजाने भरण्यापेक्षा वर्दळीच्या पंपावर आधीच भरलेलं चांगलं.

उतार, रात्र, पाऊस

घाट उतरताना डिझेलचा स्वभाव लक्षात ठेवा. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल बंद झाल्यावर जी ओढ लागते ती डिझेलमध्ये कमी असते. वर इको मोडमध्ये गाडी चक्क न्यूट्रलसारखी घरंगळते. पावणेदोन टनांची गाडी मग फक्त ब्रेकवर येते आणि ब्रेक तापतात. उतार सुरू होण्याआधीच इको बंद करा, मॅन्युअल मोड घ्या आणि वेग आपोआप वाढणार नाही इतका खालचा गिअर टाका. ब्रेक लावायचा तो ठाम आणि थोडा वेळ, मग सोडायचा. सतत टेकवून ठेवायचा नाही.

रात्री डिपरचा उजेड रस्त्यावर साधारण ५०-६० मीटर पोचतो. ताशी १०० ला विचार आणि ब्रेक मिळून ८० मीटर लागतात. तेव्हा समोरून वाहन येत असताना वेग उतरवा. डिकी भरली की नाक वर होतं आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. लेव्हल करणारी यंत्रणा नसेल तर हेडलाइटची चकती फिरवून खाली घ्या.

साचलेल्या पाण्यात स्टिअरिंग हलकं लागलं की टायर तरंगतोय. ब्रेक नको, वळवू नका, पाय उचला. आणि पुराच्या पाण्यात शिरून इंजिन बंद पडलं तर पुन्हा सुरू करायचा मोह आवरा. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतात.

दिवा लागला तर

लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून लगेच थांबा, पिवळा म्हणजे जपून चालवत पुढची सोय बघा. थांबल्यावर सगळ्यांनी वाहतुकीपासून लांबच्या बाजूने उतरावं आणि कठड्यापलीकडे उभं राहावं. गाडीत बसून मदतीची वाट बघणं धोक्याचं. रिफ्लेक्टरचा त्रिकोण भरपूर मागे ठेवा, तो पायी ठेवायला जाताना येणाऱ्या वाहनांकडे तोंड असू द्या. ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढू देऊ नका, सपाट ट्रकवरच चढवायला सांगा.

पोहोचल्यावर

वेगाने घाट चढून लगेच गाडी बंद करावी लागली तर मिनिटभर इंजिन चालू ठेवा म्हणजे टर्बोतलं तेल जळणार नाही. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश आला असाल तर त्याचीही गरज नाही. पंखा चालू राहिला तर चालू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना, चारही टायर परत बघा आणि रडार-कॅमेऱ्यावर चिकटलेले किडे ओल्या फडक्याने पुसा. घासू नका, आधी भिजू द्या.